‘शॉडी’ कुणाला म्हणता?



गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवानंतरची आढावा बैठक आमच्या घरी झाली. बैठक म्हणजे आपल्या मंडळाची नेहमीचीच. दीड तास पोहे, चहा आणि हॉलच्या पार्किंगवरून वाद, आणि उरलेल्या वीस मिनिटांत जमाखर्च. त्यात विषय निघाला स्वयंसेवकांच्या टी-शर्टांचा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते आठवत असतील. छातीवर गणपती आणि पाठीवर ‘कार्यकर्ता’ अशी ठळक अक्षरं असलेले भगवे टी-शर्ट, खास भारतातून मागवलेले. पहिल्या धुण्यात गणपतीची सोंड गेली. दुसऱ्या धुण्यात ‘कार्य’ गेलं आणि नुसताच ‘कर्ता’ उरला. (काही जणांच्या बाबतीत हे अगदी योग्यच झालं, पण ते असो.)

आमच्यातले एक ज्येष्ठ काका, या देशात पस्तीस वर्षं काढलेले, हसत म्हणाले, “शॉडी इंडियन वर्क! दुसरं काय!” सगळे हसले. मीही हसलो. इतक्यात जिन्यात बसून गृहपाठ करणारी माझी चौदा वर्षांची लेक तिथूनच म्हणाली, “काका, शॉडी इंडियन नाहीये. शॉडी बॅटलीची आहे. आम्हाला लोकल हिस्टरीमध्ये होतं.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग काकाच म्हणाले, “बरं बाई, बॅटलीची तर बॅटलीची,” आणि चहाचा दुसरा कप मागितला. बैठक पुढे सरकली. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य अडकलं ते अडकलंच. बॅटली आमच्या घरापासून गाडीनं जेमतेम वीस मिनिटांवर. २००३ साली एम.एस्सी. करायला मी लीड्सला आलो तेव्हापासून हडर्सफील्डकडे जाणाऱ्या लोकल गाडीनं बॅटली आणि ड्यूजबरी ही स्टेशनं मी शेकडो वेळा ओलांडली असतील. ड्यूजबरी स्टेशनजवळ एक जुनी दगडी गिरणी आहे. आता तिथे फ्लॅट्स झालेत. तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मालकांचं नाव आणि त्याखाली ‘शॉडी अँड मंगो मॅन्युफॅक्चरर्स’ असं लिहिलेलं आहे. विद्यार्थी असताना ते वाचून मी मित्राला म्हणालो होतो, “बघ, इंग्रज माणूस किती प्रामाणिक! आम्ही भिकार माल बनवतो असं स्वतःच भिंतीवर लिहितो. आणि वर आंबेही विकतो!”

तो विनोद मी पुढे पंधरा-वीस वर्षं सांगत फिरलो. आज त्याची लाज वाटते. मी मूळचा इचलकरंजीचा. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात आणि माझे वडील तिथल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आयुष्यभर उभे राहून निवृत्त झाले. कापडाच्या गावातून आलेल्या माणसानं कापडाच्याच दुसऱ्या गावाच्या पाटीला असं हसावं, याला काय म्हणायचं?

तर मंडळी, आधी त्या पाटीचा अर्थ. ‘शॉडी’ हे विशेषण नव्हतंच मुळी. ते एका मालाचं नाव होतं. १८१३ च्या सुमारास बॅटलीतल्या बेंजामिन लॉ नावाच्या कापडवाल्यानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यातले तंतू मोकळे केले, त्यात थोडी नवी लोकर मिसळली आणि त्याचं पुन्हा सूत काढून कापड विणलं, असं इकडचा इतिहास सांगतो. नेपोलियनशी लढाया चालू होत्या, सैन्याला कापड हवं होतं आणि लोकर महाग होती. तोवर लोकरी चिंध्यांचा उपयोग काय, तर खोगिरात भरायला, नाही तर शेतात खत म्हणून टाकायला. त्या चिंधीतून पुन्हा अंगावर घालायचं कापड निघू शकतं, हा शोध होता. मऊ, विणलेल्या कपड्यांपासून, म्हणजे मोजे, फ्लॅनेल वगैरेंपासून निघे ती शॉडी. घट्ट कापडाच्या आणि शिंप्याकडच्या कातरणांपासून निघे तो मंगो. हा मंगो १८३० च्या दशकातला. त्या नावाची एक गोष्ट इकडे सांगतात. कामगार म्हणाला, हे काही चालायचं नाही. मालक यॉर्कशरी बोलीत म्हणाला, ‘इट मन गो’, चाललंच पाहिजे! खरी असो वा नसो, गोष्ट इकडच्या मातीतली वाटते. ‘शॉडी’ शब्दाच्या मुळाबद्दल कोशकारांचं एकमत नाही. पुष्कळ जण तो ‘शेड’, म्हणजे गळून पडणं, झडणं, या क्रियापदाशी जोडतात. विणताना, पिंजताना जे झडून पडतं ते. छापील इंग्रजीत तो १८३० च्या दशकात दिसू लागतो आणि तिथे तो साधं नाम आहे, आपल्याकडे ‘सरकी’ किंवा ‘पेंड’ म्हणावं तसं. त्यात शिवी नाही.

आता हे काम कसं चाले ते बघा, म्हणजे माझा राग तुम्हाला समजेल. युरोपभरातून चिंध्यांचे गठ्ठे रेल्वेनं ड्यूजबरी-बॅटलीला येत. तिथे बायका ते फोडून रंगानुसार, प्रतीनुसार निवडत. बटणं काढायची, शिवणी उसवायच्या, अस्तर वेगळं करायचं. मग ती चिंधी लोखंडी दातांच्या फिरत्या रुळात जाई. या यंत्राला गिरणीत ‘डेव्हिल’ म्हणत आणि त्यातून उडणाऱ्या धुरळ्याला ‘डेव्हिल्स डस्ट’. त्या धुरळ्यानं येणाऱ्या तापाला ‘शॉडी फीवर’ असं नावच पडलं होतं. १८६७ साली मार्क्सनं ‘भांडवल’ लिहिलं त्यात या चिंध्या निवडणाऱ्या बायकांचा उल्लेख आहे. चिंध्यांबरोबर देवीसारखे रोग येत आणि पहिला बळी या बायकांचा जाई. एवढं सोसून निघालेल्या तंतूत नवी लोकर मिसळून घोंगड्या, ओव्हरकोट, सैन्याची कापडं निघत. नवी लोकर ज्याला परवडत नव्हती त्याच्या पाठीवर ऊब आली ती यामुळे. आणि वाया काय गेलं? काहीच नाही. गिरणीत उरलेला कचरा वेकफील्डच्या बाजूच्या ऱ्हुबार्बच्या शेतांत नत्रयुक्त खत म्हणून पडे. आज आपण हौसेनं ‘यॉर्कशर ऱ्हुबार्ब’चा क्रंबल खातो, त्याच्या मुळाशी शॉडीच आहे!

शिकल्या-सवरलेल्या माणसाला ही सगळी कथा कौतुकाची वाटायला हवी. मग तिची शिवी कशी झाली?

त्यासाठी अटलांटिकच्या पलीकडे जावं लागतं. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिथलं नियमित सैन्य जेमतेम सोळा हजारांचं होतं. लिंकननी एका घोषणेत ७५,००० स्वयंसैनिक मागितले आणि तिथून आकडा वाढतच गेला. एवढ्या लोकांना रातोरात गणवेश कुठून आणणार? राज्यांनी घाईघाईत कंत्राटं दिली. कंत्राटदारांनी काय केलं, तर चांगली शॉडी नवी लोकर घालून नीट विणण्याऐवजी दुकानातली कातरणं आणि केराचा गाळ गोळा केला, दाबून-चिकटवून वरून इस्त्री मारली आणि पूर्ण किमतीला सरकारच्या गळ्यात मारला. दिसायला कापड झकास. पहिल्या जोरदार पावसात शिवणी सुटल्या आणि पँटी अंगावरच विरून गेल्या. सैनिक चिडले, वर्तमानपत्रं चिडली, काँग्रेसनं चौकशी समिती नेमली. या लबाडीवर पैसे कमावून न्यूयॉर्कमध्ये हवेल्या उठवणाऱ्यांना लोक ‘शॉडी ॲरिस्टॉक्रसी’ म्हणू लागले. हेन्री मॉर्फर्डनं तर १८६३ मध्ये ‘द डेज ऑफ शॉडी’ नावाची कादंबरीच काढली. ‘शॉडी’ हे नाम विशेषण बनलं ते याच काळात. वाईट, दिखाऊ, फसवं, निकृष्ट.

गंमत अशी की अमेरिकेच्या कायद्याला गुन्हेगार कोण ते बरोबर कळलं होतं. २ मार्च १८६३ रोजी तिथे ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’ झाला. सरकारला खोटा माल, खोटी बिलं देणाऱ्या कंत्राटदाराविरुद्धचा कायदा. त्याला ‘लिंकन लॉ’ म्हणतात आणि त्यात बदल होत होत तो आजही लागू आहे. म्हणजे कायद्यानं कंत्राटदाराला धरलं. भाषेनं मात्र चिंधीला धरलं. ज्या लबाडानं चिकटवलेला केर लोकर म्हणून विकला, त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. ज्या बायकांनी धुरळा खात चिंध्या निवडल्या, त्यांच्या मालाचं नाव मात्र जगभरच्या शब्दकोशांत शिवी म्हणून जाऊन बसलं. माझं भांडण आहे ते इथे.

कुणी म्हणेल, अहो, शब्द बदलतात. त्यात एवढं रागवायचं काय? मान्य. शब्द बदलतात. पण ते कुणाच्या सोयीनं बदलतात तेवढं बघा ना! आपल्या मराठीतच बघा. ‘सुमार’ म्हणजे मुळात फारसीतली मोजणी, अंदाज. ‘बेसुमार’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. नुसता ‘सुमार’ मात्र हलक्या दर्जाचा झाला. तो बिचारा निरुपद्रवी. पण ‘घाटी’? सह्याद्रीचा घाट उतरून मुंबईच्या गिरण्यांत राबायला, डोक्यावर ओझी वाहायला जे आले त्यांचं ते नाव. त्यांनी गिरणगाव चालवलं, मुंबईनं अंगावर घातलेलं कापड विणलं आणि आज कॉलेजातली पोरं भडक शर्टाला ‘काय घाटी आहे’ म्हणतात. त्या पोरांतल्या निम्म्यांचे आजोबा घाटावरचेच! आणि ‘चिंधी’? ‘चिंधीगिरी’, ‘चिंधीचोर’... शॉडीचा तंतोतंत मराठी अवतार. ज्या भाषेत द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला बांधायला भरजरी पीतांबर फाडून दिलेल्या चिंधीचं गाणं ‘श्यामची आई’पासून घरोघरी गायलं जातं, त्याच भाषेत! गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवा म्हणत. तेव्हा त्या शब्दांत आदर होता. आदर नेमका कुठे झडला, ते शोधायला हवं.

इंग्रजांनी हा खेळ इतरांबरोबरही केला. ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला. डोंगरीचं जाडंभरडं, स्वस्त सुती कापड म्हणून. १८८७ साली इथल्या पार्लमेंटानं ‘मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट’ केला. जर्मनीतून येणारा स्वस्त माल गिऱ्हाइकाला ओळखता यावा म्हणून त्यावर ‘मेड इन जर्मनी’ छापायला लावलं. म्हणजे हा शिक्का निकृष्टपणाचा इशारा होता. पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. त्याच शिक्क्याच्या गाड्या आपल्या मंडळाच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात आणि त्यांच्यावरून भांडणं होतात. ‘मेड इन जपान’ची कथा याहून वेगळी नाही. माल सुधारला हे खरंच, पण शिक्का मारला जात होता तेव्हाही सगळाच माल वाईट होता असं नाही. शिक्का मारणाऱ्याला तेवढी चौकशी करायची नव्हती.

आणि हो, आम्ही आयटीवाले! आमच्या धंद्यात हा शब्द जितका स्वस्त झालाय तितका कुठेच नसेल. ‘शॉडी कोड’, ‘शॉडी टेस्टिंग’, ‘शॉडी ऑफशोअर वर्क’. इथल्या मीटिंगमध्ये कुणी गोरा मॅनेजर असं म्हणाला की आपल्या कपाळाला आठी पडते. पण मंडळी, खरं सांगू? मी हा शब्द गोऱ्या तोंडून जितक्या वेळा ऐकला, त्याहून अधिक वेळा आपल्याच तोंडून ऐकला. आणि एकदा तर मी तो लिहून दिला.

२०१६ सालची गोष्ट. इथल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं बिलिंगच्या प्रणालीची तपासणी करायला मला नेमलं. काम पुण्यातल्या एका टीमनं केलं होतं. मी सहा आठवडे कोड वाचला. चुका होत्या, भरपूर होत्या. एकाच कामाचे तीन-तीन तुकडे, एरर आली तर ती पकडून गिळून टाकलेली, टेस्ट्स जवळजवळ नाहीतच. मी अहवालात लिहिलं, ‘शॉडी वर्कमनशिप’. छान वाटला शब्द. वजनदार. आपण इथल्या लोकांसारखं इंग्रजी लिहितो याचंही एक सुख असतं, नाही का? अहवाल वर गेला, कंत्राट रद्द झालं, माझी फी वेळेवर आली.

मी काय लिहिलं नाही ते ऐका. प्रकल्पाच्या कागदपत्रांतून मला स्पष्ट दिसत होतं की गिऱ्हाइकानं सर्वांत कमी बोली निवडली होती. टेस्टिंगचे पैसे अंदाजपत्रकातून कापले होते. काम चालू असताना मागण्या चार वेळा बदलल्या होत्या आणि तारीख एकदाही बदलली नव्हती. पुण्याच्या टीम लीडनं याबद्दल पाठवलेल्या मेल्स त्याच फोल्डरमध्ये होत्या. मी त्या वाचल्या होत्या. त्या माझ्या ‘स्कोप’मध्ये बसत नव्हत्या, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन वर्षांनी पुण्यात भाच्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत एक तरुण शेजारी येऊन बसला. वधूकडचा. बोलता बोलता कंपनीचं नाव निघालं आणि तो जरा थांबून म्हणाला, “सर, तो रिव्ह्यू तुमचा होता ना?” आवाजात राग नव्हता. तोच टीम लीड. टीम मोडली, दोघांना काढलं, तो स्वतः आठ महिने बेंचवर होता आणि त्या काळात वडिलांचं ऑपरेशन झालं, हे त्यानं जिलबी वाढेपर्यंत सांगितलं. मग म्हणाला, “सर, चुका आमच्या होत्याच. पण ‘शॉडी’ म्हणजे आम्ही लबाडी केली असं होतं हो. तेवढं नव्हतं केलं.” मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्याला शब्दाचा इतिहास माहीत नव्हता, पण अर्थ माझ्यापेक्षा बरोबर कळला होता.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, म्हणजे आता भारतातल्या वाईट कामाला वाईट म्हणायचंच नाही की काय? देशप्रेमाच्या नावाखाली सगळं पोटात घालायचं? मुळीच नाही. पुण्यातला तो कोड वाईट होता. टी-शर्टाचा छापा वाईट होता. ‘चलता है’ ही वृत्ती आपल्याकडे आहे आणि ती मला इथे राहूनही चीड आणते. वाईटाला वाईट म्हणा, खुशाल म्हणा. पण काय वाईट, कुणी केलं, कुणी कितीत करायला लावलं, एवढे तीन प्रश्न विचारल्यावर म्हणा. ‘शॉडी इंडियन वर्क’ या तीन शब्दांत यातलं एकही उत्तर नाही. त्यात फक्त एवढंच आहे की आम्ही त्यातले नाही, आम्ही या बाजूचे. काकांना, आणि हसलेल्या आम्हा सर्वांना, तेवढंच म्हणायचं होतं. हे मान्य करायला जड जातं, पण आहे ते असं आहे.

आणि या बाजूचे म्हणजे तरी कुठल्या बाजूचे? आपल्या दारात चॅरिटीच्या पिशव्या येतात. आपण त्यात मुलांचे तोकडे झालेले स्वेटर, एकदाच घातलेले कोट भरतो आणि दान केल्याच्या समाधानात दार लावतो. त्यातला चांगला भाग दुकानात जातो. बाकीच्यातला बराचसा गठ्ठे बांधून परदेशी विकला जातो. लोकरी आणि विणलेल्या कपड्यांचे कितीतरी गठ्ठे कांडला बंदरातून जातात पानिपतला. होय मंडळी, आपल्याच पानिपतला! हरियाणातलं ते शहर आज जगातल्या शॉडीच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. बॅटलीतल्या गिरण्या बंद पडल्या आणि धंदा तिकडे गेला. कपडे म्हणून पुन्हा विकता येऊ नयेत यासाठी ते चिरून पाठवायचे, असा नियम आहे. तिथे बायका ओळीनं बसून झिप, बटणं, लेबलं काढतात, रंगवार ढीग लावतात. दीडशे वर्षांपूर्वी बॅटलीत चालायचं तेच काम, तोच धुरळा. त्यातून निघणारी घोंगडी भूकंप-पुराच्या वेळी मदत म्हणून जगभर जाते. अलीकडे स्वस्त पोलर फ्लीसनं या धंद्यालाही धक्का दिला आहे.

मेघना गुप्ता यांचा २०१२ सालचा ‘अनरॅव्हल’ नावाचा छोटा माहितीपट आहे, जेमतेम पंधरा मिनिटांचा. मिळाला तर मुलांना घेऊन जरूर बघा. त्यात पानिपतच्या कामगार बायका आपसात विचार करतात की हे लोक एवढे चांगले कपडे टाकतात तरी का? त्यांचा तर्क असा की तिकडे पाणी फार महाग असणार, धुण्यापेक्षा फेकणं परवडत असणार! आमच्या घरी तो बघताना आम्ही दोघं हसलो. लेक हसली नाही. ती उठून आपलं कपाट बघायला गेली.

‘पानिपत’चं तरी आपण काय केलं? १४ जानेवारी १७६१ हा दिवस आपण विसरलो नाही हे ठीकच. पण मराठीत ‘पानिपत झालं’ म्हणजे धूळधाण झाली, सगळं बुडालं. परीक्षेत नापास झालं तरी पानिपत, निवडणुकीत पडलं तरी पानिपत. एका नांदत्या गावाचं नाव आपण अपयशाला दिलं, जसं इंग्रजांनी एका नांदत्या धंद्याचं नाव निकृष्टाला दिलं. आणि आज त्या पानिपतात बॅटलीची शॉडी बनते! आपल्या मुलांना इतिहास शिकवायला याहून चांगला धडा कुठे मिळेल?

शेवटची चीड म्हणजे बाजाराची. अमेरिकेनं १९३९ च्या लेबलिंग कायद्यात पुन्हा वापरलेल्या लोकरीला ‘रीप्रोसेस्ड’ आणि ‘रीयूज्ड’ अशी नावं सक्तीची केली, म्हणजे गिऱ्हाइकाला ती नव्या लोकरीहून वेगळी ओळखू यावी. १९८० मध्ये तो कायदा बदलून दोन्हींना एकच नाव दिलं, ‘रीसायकल्ड वूल’. आता इथल्या हाय स्ट्रीटवर चला. हिरव्या पानाचं चित्र असलेलं लेबल, ‘रीसायकल्ड वूल’, आणि कोटाची किंमत बघून माझ्यासारख्याला घाम फुटतो. इटलीतल्या प्रातो शहरानं हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि आज त्यांच्या जुन्या चिंध्यांच्या कापडाला फॅशनच्या जगात मान आहे. वस्तू तीच. इटालियन माणसानं केली, पानाचं चित्र लावलं, तर पृथ्वी वाचवणारी. पानिपतच्या बाईनं केली तर शॉडी!

आता पुन्हा आपल्या टी-शर्टांकडे. लेकीचं बोलणं ऐकल्यावर मी त्या रात्री जुन्या मेल्स काढून बसलो. तिरुपूरच्या पुरवठादारानं आपल्याला दोन भाव दिले होते. एक नगाला सव्वापाच पौंडांचा, नमुना पाठवून, सहा आठवड्यांत. दुसरा एक पौंड ऐंशी पेन्सचा. त्याखाली त्यानं सरळ लिहिलं होतं की या किमतीत छापा कच्चा असेल, जास्त धुण्यांना टिकणार नाही. आपण कुठला घेतला ते सांगायला नको. ऑर्डर गेली उत्सवाच्या अठरा दिवस आधी. मंजुरीच्या मेलखाली सही होती खजिनदाराची, म्हणजे अस्मादिकांची! ‘गो फॉर द चीपर वन’ एवढंच एक वाक्य. त्या माणसानं आपल्याशी लबाडी केली नव्हती. जे सांगितलं तेच पाठवलं.

काकांना मी ती मेल दाखवली. काका मोकळ्या मनाचे. वाचून म्हणाले, “म्हणजे शॉडी आपणच की रे!” मी म्हटलं, “नाही काका, आपण कंत्राटदार.”

उरलेले चव्वेचाळीस टी-शर्ट सध्या आमच्याकडेच आहेत. आई तीन महिन्यांसाठी आली आहे. तिनं ते उसवायला घेतलेत आणि लेक शेजारी बसून टाके शिकते आहे. दोन गोधड्या होतील असा आईचा अंदाज आहे. सोंड गेलेले गणपती आतल्या थरात जातील. यंदाच्या टी-शर्टांचे नमुने आले आहेत, धुऊन बघितलेले. सव्वापाच पौंडांचे. ज्यांना बघायचे असतील त्यांनी पुढच्या रविवारी दुपारी घरी यावं. पोहे आहेतच. भाव कमी करायची सूचना मात्र कुणी आणू नये, खजिनदार ऐकणार नाही.